पाटी कोरी नसते

जून महिना लागला, की सीमाभागातल्या प्रत्येक गावच्या प्राथमिक शाळेच्या दारात एकच गडबड उडते. नवी दप्तरे, तेल लावून चापून बसवलेले केस, आईचा पदर न सोडणारी मुले, आणि 'आता रडायचं नाही हं' म्हणत डोळे पुसणाऱ्या आया. पहिलीच्या वर्गात दोन मुले शेजारी शेजारी बसतात. वय सारखे, गणवेश सारखा, पुस्तकही एकच. बाईंनी विचारले, "घरी कोण कोण असतं रे?" की एक जण आजोबांपासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांची हकिगत सांगतो. दुसरा मान खाली घालून पाटीची चौकट कुरतडत राहतो. श्रावण येईपर्यंत वर्गात निकाल लागलेला असतो : पहिला 'हुशार', दुसरा 'मठ्ठ'. हा शिक्का मारायला दोन महिने पुरतात. पुसायला मात्र पुष्कळदा सगळे आयुष्य पुरत नाही.

लहान मूल म्हणजे कोरी पाटी, असे आपण सहज बोलून जातो. पण सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या पाटीवर बरेच काही आधीच लिहिलेले असते. त्याने किती शब्द ऐकले, किती वेळा त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, किती वेळा 'गप्प बस' मिळाले, पोटात काय गेले, रात्री झोप नीट लागली की नाही, हे सगळे त्यावर उमटलेले असते. बाईंनी जोखलेली असते ती त्या मुलाची बुद्धी नव्हे, त्याच्या घराची पहिली सहा वर्षे. म्हणूनच गरीब घरातल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार पहिलीच्या वर्गापासून सुरू करणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर नांगर शोधायला निघण्यासारखे आहे.

घर शिकवते ते कसे?

घर शिकवते म्हणजे घरात कोणी फळा मांडून बसते असे नाही. आई भाकऱ्या थापताना "बाबांना दोन, दादाला एक, तुला अर्धी" म्हणते, तेव्हा मूल मोजणी शिकते आणि अपूर्णांकही. आजी "मोठी वाटी आण, ती नको, तिच्या मागची" म्हणते, तेव्हा लहान-मोठे आणि मागे-पुढे त्याला कळते. गोष्टीतला कावळा घर मेणाचे की शेणाचे याचा विचार करतो, तेव्हा मूल 'असे केले तर काय होईल' हा विचार करायला शिकते. सागरगोटे खेळताना हात आणि डोळ्यांची जोडी जमते. हेच हात पुढे पेन्सिल धरणार असतात.

अमेरिकेतील अर्कान्सा विद्यापीठाच्या बेटी कॉल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांनी घरातले हे वातावरण मोजण्याची एक पद्धत बसवली. तासाभराची घरभेट घ्यायची, आईशी बोलायचे, आई-मुलाचे आपसातले वागणे पाहायचे आणि एकेका बाबीपुढे 'होय' किंवा 'नाही' लिहायचे. तान्ह्या वयापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अशा ४५ बाबी आहेत. मुलाने आवाज काढला तर आई शब्दांनी उत्तर देते का? त्याला फटके किती बसतात? वडील रोज त्याचे काही करतात का? दिवसातून एकदा तरी ते आईवडिलांबरोबर जेवते का? कोणी त्याला बाजारात नेते का? खेळायला काही आहे का? ही पद्धत पुढे जगातल्या अनेक देशांत वापरली गेली. घराचे हे गुण आणि मुलाची पुढची शिकण्याची तयारी यांचा जवळचा संबंध असल्याचे पुन्हा पुन्हा दिसून आले.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. पुस्तके, खेळणी अशा थोड्या बाबींना पैसा लागतो, पण बहुतेकांना लागत नाही. मग कोणी लगेच म्हणेल, "बघा, प्रेमाने बोलायला काय पैसे पडतात? गरिबीचे कारण कशाला सांगायचे?" इथेच आपली गफलत होते. या गोष्टींना पैसा लागत नाही हे खरे, पण वेळ लागतो आणि निवांत मन लागते. गरीब माणसाला रोज सकाळी बाजारात विकाव्या लागतात त्या नेमक्या याच दोन गोष्टी.

गरिबी बोचते कुठे?

पहिले म्हणजे पोटात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचे प्रमाण देशात ३५.५ टक्के निघाले. कर्नाटकात ते ३५.४ आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे आपण कितीही भांडलो तरी भुकेने दोन्ही बाजूंना सारखेच माप घातले आहे. त्याच सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. असे मूल मलूल असते. ते रांगत दूर जात नाही, डबे उघडून बघत नाही, प्रश्न विचारून भंडावून सोडत नाही. 'किती गुणी बाळ, एका जागी बसून असतं' असे शेजारणी कौतुकाने म्हणतात. पण मूल ओढत नाही म्हणून आईही बोलत नाही, आणि आई बोलत नाही म्हणून मूल आणखी गप्प होते. उपासमार अशी पोटातून जिभेवर येते.

दुसरे म्हणजे वेळेत. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकर गल्ल्यांतून दुपारी चालत जा. यंत्रमागाच्या खडखडाटात घरातली माणसेसुद्धा एकमेकांशी खुणेने बोलतात. आई कांड्या भरत असते, शेजारी पाळण्यात किंवा चटईवर मूल. त्या आवाजात अंगाई कुठली आणि गोष्ट कुठली? आणि माग चालू असताना मुलाला 'हात लावू नको, तिकडं जाऊ नको' हेच बजावावे लागते, कारण तिथे बोट जायला क्षण लागत नाही. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते. मांडी मुलाला मिळायची कशी? हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळत असेल, तर मुलाकडे मान वळवून पाहिलेला प्रत्येक क्षण त्या मजुरीतून वजा होतो.

तिसरे म्हणजे थोरल्या बहिणीच्या कमरेवर. आई कामाला गेली, की दोन वर्षांचे मूल सांभाळायला घरात राहते ती आठ-नऊ वर्षांची ताई. ती त्याला जीव लावते, पण तीही मूलच आहे. त्याला खेळवताना तिची शाळा सुटते आणि एका गरिबीच्या पोटी दोन मुलांचे शिक्षण जाते.

चौथे म्हणजे स्थलांतरात. दसरा-दिवाळीनंतर बेळगाव जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून नवरा-बायकोचा एक 'कोयता' मुकादमाकडून उचल घेऊन येतो आणि त्यांची लहान मुले आपसूक बरोबर येतात. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात, मुले कोपीपाशी किंवा उसाच्या बांधावर. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्या मुलांना ना आपल्या गावची अंगणवाडी असते, ना इथली. महाराष्ट्रात साखरशाळांचे प्रयोग झाले, पण ते मुख्यतः शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. दोन-तीन वर्षांचे पोर कोणाच्याच हजेरीपटावर नसते.

आणि पाचवे म्हणजे मनात. उधारी, आजारपण, दारू, भाड्याची खोली कधी सोडावी लागेल याची धास्ती. अशा घरात माणसे वाईट असतात म्हणून चिडत नाहीत, त्यांच्या जिवाला स्वस्थता नसते म्हणून चिडतात. मुलाच्या वाट्याला येते ते तुटक बोलणे : 'चल', 'ऊठ', 'गप', 'मार खाशील'. आज्ञा कळायला एक शब्द पुरतो. विचार करायला शिकायचे तर पूर्ण वाक्य कानावर पडावे लागते.

शब्दांचा हिशेब आणि त्यातली मेख

१९९५ साली बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सस शहरातल्या ४२ कुटुंबांत ते दर महिन्याला तासभर जाऊन बसत आणि मुलाला उद्देशून किती बोलले जाते ते टिपत. सुशिक्षित व्यावसायिकांच्या घरात मुलाच्या कानावर तासाला सरासरी २,१५३ शब्द पडत, कामगारांच्या घरात १,२५१ आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरात ६१६. त्यावरून त्यांनी गणित मांडले, की चार वर्षांचे होईपर्यंत वरच्या आणि खालच्या घरांतल्या मुलांत तीन कोटी शब्दांची दरी पडते. हा आकडा जगभर गाजला.

पण त्यातली मेखही पाहायला हवी. सरकारी मदतीवरची कुटुंबे अवघी सहा होती. शिवाय एकाच मोठ्या माणसाचे मुलाशी होणारे बोलणे प्रामुख्याने धरले होते. आजी, काका, शेजारी, थोरली भावंडे यांचे बोलणे त्या हिशेबात आले नव्हते. २०१८ साली डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी ते सगळे मोजले, तेव्हा गरीब वस्त्यांमध्येही आपसात पुष्कळ फरक दिसला आणि दरीचे चित्र इतके सरळ राहिले नाही. आपल्याकडे चाळीत, वाड्यात, गल्लीत मूल दहा जणांच्या तोंडचे ऐकत वाढते. त्यामुळे 'गरीब आईला बोलता येत नाही' असा निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे. जात्यावरच्या ओव्या रचल्या त्या बायका काही श्रीमंत नव्हत्या.

त्याच २०१८ साली पुढे आलेल्या आणखी एका अभ्यासाने मोलाची गोष्ट दाखवली. कानावर किती शब्द ओतले यापेक्षा मुलाशी बोलण्याची देवघेव किती झाली, याचा मेंदूतील भाषेच्या कामाशी अधिक जवळचा संबंध दिसला. मूल काही म्हणाले, मोठ्याने उत्तर दिले, मूल पुन्हा काही म्हणाले. चेंडू इकडून तिकडे जात राहिला पाहिजे. दूरचित्रवाणी किंवा मोबाईल दिवसभर बोलत असतो, पण तो मुलाचे ऐकत नाही. रडणाऱ्या पोराच्या हाती मोबाईल देणे आता गरीब घरातही सर्रास झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या सूचनांत एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त नको, असे सांगितले आहे. ते कामावरून थकून आलेल्या आईला ऐकवणे सोपे आहे. तिला पर्याय देणे अवघड आहे.

जमैकातली चिंध्यांची बाहुली

असा पर्याय देऊन पाहिला गेला आहे. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाईंनी १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. वय ९ ते २४ महिने. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दूध-पावडर दिली. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, चौथ्याला यातले काहीच नाही. हे दोन वर्षे चालले.

ती आरोग्यसेविका घरी जाऊन काय करी? भाषण नव्हे. टाकाऊ डबे, बाटल्यांची झाकणे, कापडाचे तुकडे यांपासून बनवलेली खेळणी ती पिशवीतून नेई. आईबरोबर जमिनीवर बसून मुलाशी खेळे, काय करायचे ते आईला करून दाखवी, आईने केले की तिचे आणि मुलाचे दोघांचेही कौतुक करी, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत खेळणे तिथेच ठेवून येई. म्हणजे शिकवणी मुलाची होती, तशीच आईच्या आत्मविश्वासाचीही.

वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधून काढले. नुसत्या दुधाचा फायदा तोपर्यंत ओसरला होता. पण ज्यांच्या घरी खेळ गेला होता, त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती आणि लहानपणी वाढ न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला ती आली होती. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. आठवड्याला एक तास आणि चिंध्यांची बाहुली यांनी एवढे घडवले. भारतातही ओडिशातल्या कटकच्या झोपडपट्ट्यांत स्थानिक बायकांना शिकवून हाच प्रयोग केला गेला आणि मुलांच्या आकलनात सुधारणा दिसली.

याचा अर्थ दूध नको, शिधा नको, असा कोणी काढू नये. भुकेल्या पोराला बाहुली दाखवणे ही क्रूर थट्टा ठरेल. अर्थ एवढाच, की ताटातले अन्न आणि कानातले शब्द या दोन्ही गोष्टी लागतात, आणि आपण दुसरी गोष्ट मोजायचीच विसरलो आहोत. घरात थेट पैसा देण्याचेही तसेच. कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेतून घरच्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार रुपये मिळू लागले, तिकडे महाराष्ट्रात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. हातात चार पैसे असले की बाईची धास्ती थोडी कमी होते, आणि तेही मोठेच आहे. पण पैशाबरोबर मुलापाशी बसायचा तास मिळाला नाही, तर लेकराच्या पाटीवर फारसे काही उमटणार नाही.

कोसबाडच्या बायकांनी आधीच ओळखले होते

हे सगळे परदेशी पंडितांनी सांगावे आणि आपण मान डोलवावी, अशी स्थिती मात्र नाही. मराठी मुलखात दोन बायकांनी ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वीच ओळखली होती. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे धडे गिरवले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला येऊन गरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवयात लग्न आणि लगोलग वैधव्य वाट्याला आलेल्या या बाईंनी पुढचे सारे आयुष्य याच कामाला दिले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले.

बालवाडी उघडली तरी मुले येत ना. का येत नाहीत याचा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जायचे, असे ठरले. हीच अंगणवाडी. थोरल्या मुलीच्या कडेवर तान्हे भावंड असते म्हणून ती शाळेत येऊ शकत नाही, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. तिला विकासवाडी म्हटले. मुले गुरे राखायला जातात, तर शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शंखशिंपले, पाने, खडे हीच साधने झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आपल्या कर्नाटकात तिचा मुहूर्त म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरला झाला. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. मराठीतले अंगण आणि कन्नडातले 'अंगळ' एकमेकांना लागूनच आहेत, तेव्हा हे नाव आपल्या भागात कोणालाच परके वाटले नाही. नाव आले, पण नावामागचा विचार किती आला? कित्येक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याचे आणि वजन करण्याचे ठिकाण एवढेच लोकांच्या मनात राहिले. त्यात अंगणवाडीताईंचा दोष थोडा. एकट्या ताईने स्वयंपाकावर देखरेख करायची, रजिस्टरे भरायची, मोबाईलवर माहिती चढवायची, सर्वेक्षणे करायची, गरोदर बायकांकडे पाहायचे आणि उरलेल्या वेळात तीस मुलांना शिकवायचे.

शिवाय तीन वर्षांपर्यंतची मुले घरीच असतात, त्यांना शिधा मिळतो पण खेळ मिळत नाही. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती नेमकी याच काळात. ही उणीव ओळखून केंद्राने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे वयासाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहासाठी 'आधारशिला' असे आराखडे काढले. कर्नाटकाने २०२३ पासून ग्रामपंचायतींमध्ये मजूर बायकांच्या लेकरांसाठी 'कूसिन मने' म्हणजे बाळांची घरे उघडायला घेतली. कल्पना कोसबाडच्याच आहेत. त्या कागदावरून अंगणात उतरतात की नाही, यावर लक्ष ठेवणे हे आपले, म्हणजे गावातल्या शिकलेल्या माणसांचे काम आहे.

दोन भाषांचे घर

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आई मराठी, आजी कन्नड, किंवा घरात मराठी आणि गल्लीत कन्नड असा संसार चालतो. "दोन भाषांनी मूल गोंधळतं का हो?" असे तरुण आया काळजीने विचारतात. गोंधळत नाही. "अज्जी, नीर दे" असे म्हणणारे दोन वर्षांचे मूल चुकत नसते. त्याच्या झोळीत दोन्हीकडचे दाणे पडलेले असतात आणि जो आधी हाती लागेल तो ते काढते. चार वर्षांचे झाले की कोणाशी कुठली भाषा बोलायची हे ते आपसूक ओळखते. तूप आणि 'तुप्प', अक्का आणि अण्णा, ही देवघेव आपल्या भाषांनी आपल्या आधी किती पिढ्या केली आहे.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. मुलाची घरची भाषा जितकी भरदार, तितकी दुसरी भाषा तिच्या आधाराने चांगली उभी राहते. मोजणे, तुलना करणे, कारण सांगणे हे एका भाषेत आले की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द बदलावे लागतात. म्हणून 'पुढे इंग्रजी शाळेत घालायचे आहे' या हिशेबाने घरातले बोलणे मोडक्यातोडक्या इंग्रजीवर आणणे म्हणजे पाया काढून भिंत उंच करणे होय.

पण दोन भाषांचे हे सुख ज्या घरात पोट भरलेले आहे आणि बोलायला माणसे आहेत, तिथले. ऊसतोड कामगाराचे मराठी पोर कन्नड गावच्या अंगणवाडीत बसले, किंवा विजापूर-बागलकोटकडून कामाला आलेल्या गवंड्याची कन्नड लेक मराठी गल्लीतल्या अंगणवाडीत आली, तर काय होते? ते मूल गप्प होते. ताई म्हणते 'बस', ते उभे राहते. ताई म्हणते 'कुळितुको', त्याला ती रागावली असे वाटते. आधीच मलूल, त्यात भाषा परकी. दोन महिन्यांत शिक्का तयार : 'याला काही येत नाही.' खरे तर त्याला येते, ते विचारणारे कोणी नसते.

आणि इथेच आपल्यासारख्या दुभाषिक घरांना जे जमेल, ते बंगळूरच्या किंवा मुंबईच्या कोणाही तज्ज्ञाला जमणार नाही. आपल्याकडे पूल तयार आहे. आपल्या घरातल्या आजीला दोन्ही भाषांतल्या गोष्टी येतात. ठिकरीचा खेळ तिकडे 'कुंटेबिल्ले' होतो हे तिला माहीत आहे. आठवड्यातून एक दिवस, दुपारचा एक तास, जवळच्या अंगणवाडीत बसून तिने एक गोष्ट आधी मराठीत आणि मग कन्नडात सांगितली, तर तिथल्या गप्प मुलाला पहिल्यांदा कळेल, की या जागेला आपली भाषा कळते.

आपण काय करायचे?

मोठ्या योजना सरकार करील. काही गोष्टी मात्र आपल्या उंबरठ्याच्या आतल्याच आहेत.

पहिली, आपल्या घरी भांडी-धुण्याला येणाऱ्या बाईची. 'पोराला घेऊन येत जाऊ नकोस' असे तिला सांगताना ते पोर मागे कोणाजवळ राहते, हे आपण विचारले आहे का? आपला नातू खेळतो त्या खोलीत ते अर्धा तास बसले तर काही बिघडत नाही. मूल तापाने फणफणले असताना तिला पगार न कापता रजा देणे, हेही बालशिक्षणच आहे. आईच्या हातात वेळ देण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तिच्या कामाचा योग्य मोबदला.

दुसरी, उपदेशाची. 'मुलाशी रोज तासभर बोलत जा' असे कांड्या भरणाऱ्या बाईला सांगू नये. तिच्याजवळ तास नाही. पण कांड्या भरताना 'लाल कुठली, हिरवी कुठली, दे बघू', भाजी निवडताना 'हा देठ, हे पान', पाणी भरताना 'एक घागर, दोन घागरी', एवढे कामातच बसते. आणि ती जे आधीपासून करते आहे त्याचे आधी कौतुक करावे. जमैकातल्या आरोग्यसेविकेचे यश निम्मे तरी त्या कौतुकात होते. बापालाही यातून सूट नाही. संध्याकाळी पोराला खांद्यावर घेऊन बाजाराची एक फेरी मारणे, हे त्या ४५ बाबींच्या यादीत बसते.

तिसरी, अंगणवाडीची. आपली मुले खासगी शाळेत जातात म्हणून अंगणवाडीशी आपला संबंध संपतो, असे नाही. तिथे पाणी आहे का, शौचालय चालू आहे का, खेळणी कुलूपबंद कपाटात तर नाहीत ना, ताईला मदतनीस आहे का, हे ग्रामसभेत आणि बालविकास समितीत कोणीतरी विचारले पाहिजे. गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, वाचनालये यांनी दोन्ही भाषांतली चित्रमय पुस्तके वस्तीतल्या अंगणवाडीला दिली, तर वर्गणीचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

चौथी, कोप्यांची. येत्या हंगामात आपल्या शिवारात टोळी उतरली, की गावच्या अंगणवाडीताईला त्या मुलांची नावे कळवावीत. ती मुले चार-पाच महिनेच इथे असतात हे खरे. पण दोन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात पाच महिने म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहावा.

२०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीत असलेल्या मुलांपैकी अवघ्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. हा आकडा ऐकला की आपण शिक्षकांना बोल लावतो, अभ्यासक्रमाला लावतो, कधी कधी त्या मुलांनाही लावतो. बोल लावण्याआधी एकदा ती मुले पहिलीला येण्यापूर्वीची सहा वर्षे कुठे होती, हे पाहून यावे. जवळच्या अंगणवाडीचे दार दुपारी उघडे असते, आणि आत जायला कोणाची परवानगी लागत नाही. ताईला आधी एवढेच सांगावे, की गोष्ट सांगायला आलो आहे.